हेलन केलरबाई व विद्यालयाचे दार

मंडळीतील घरोघर फिरत असता एखाद्या घरी असे लेकरू आढळते की, ज्यास दिसत नाही किंवा ऐकू येत नाही. आईबाप त्यास खाऊपिऊ घालतात, त्याजवर प्रीतीही करितात. परंतु शाळेचा विषय निघाला म्हणजे मान खाली घालितात. आणि आम्ही पाळक व उपदेशक प्रार्थना करून, समाधानाचे चार शब्द बोलून पुढच्या घरी जातो. ही चूक आमच्याही हातून घडली आहे. म्हणून आज आम्ही हेलन केलरबाईंचे चरित्र सांगण्याचे योजिले आहे. त्यांचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. परंतु विद्यालयाच्या दारातून आत जाण्यास त्यांस काय काय करावे लागले, हे थोड्यांसच ठाऊक असेल.

हेलनचा जन्म अमेरिकेतील अलाबामा संस्थानात टस्कंबिया या गावी २७ जून १८८० रोजी झाला. ती एकोणीस महिन्यांची असता मोठ्या दुखण्यातून वाचली खरी, पण तिची दृष्टी व श्रवण ही दोन्ही गेली. जे मूल ऐकत नाही त्यास बोलणे येणार कोठून? ती मुकीही राहिली. मनातले सांगता येईना, म्हणून ती रागावे, वस्तू फेकी, घरच्यांस मारी. नातलगांपैकी कित्येकांस ही मुलगी वेडी आहे असे वाटे.

आईबापांनी मात्र आशा सोडिली नाही. टेलिफोन यंत्राचे शोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे बहिऱ्यांचे मोठे हितकर्ते होते. त्यांच्या सल्ल्याने बोस्टन येथील पर्किन्स अंधशाळेस पत्र गेले, आणि ३ मार्च १८८७ रोजी ॲन सलिव्हन नावाच्या वीस वर्षांच्या शिक्षिका टस्कंबियास आल्या. या बाई स्वतः लहानपणी अनाथालयासारख्या एका दरिद्री-गृहात वाढलेल्या असून त्यांचे डोळे अधू होते. त्यांनी हेलनच्या तळहातावर बोटांच्या खुणांनी एकेक अक्षर लिहून शब्द शिकविण्यास आरंभ केला. महिनाभर तिला तो केवळ खेळ वाटला. ५ एप्रिल रोजी बाईंनी तिचा एक हात पंपाच्या धारेखाली धरिला व दुसऱ्या हातावर पाणी हा शब्द लिहिला. त्या क्षणी मुलीस उमगले की, प्रत्येक वस्तूस नाव आहे. त्या दिवसापासून तिच्या मनाचे कुलूप निघाले.

देवाविषयी ती पुढे प्रश्न विचारू लागली. बोस्टनचे प्रसिद्ध उपदेशक फिलिप्स ब्रुक्स यांनी देव पिता आहे व तो प्रीती आहे ही गोष्ट तीस सोप्या रीतीने समजाविली. तिच्या धाकट्या भावाचे नावही त्यांच्यावरूनच ठेविले. मोठेपणी केलरबाई स्वीडनबोर्ग यांच्या मताच्या अनुयायी झाल्या. ते मत आमच्या मंडळ्यांच्या शिक्षणाशी सर्वांशी जुळत नाही. तथापि पवित्र शास्त्रावरील त्यांची भक्ती पाहून आम्हांस आमचाच संकोच वाटतो.

अकरा-बारा वर्षांची असता हेलनवर एक कठीण प्रसंग आला. तिने लिहिलेली एक गोष्ट मार्गारेट कॅनबी या लेखिकेच्या छापील गोष्टीशी फार जुळते असे आढळून आले. ती गोष्ट पूर्वी कोणी तिच्या हातावर वाचून दाखविली असावी व ती विसरली असावी. परंतु पर्किन्स शाळेत एक चौकशी मंडळ बसले, आणि शिक्षिकेस बाहेर घालवून त्या लेकरास एकटीला प्रश्न विचारण्यात आले. पुढेही कित्येकांस असे वाटे की, ही मुलगी जे करिते ते सारे सलिव्हनबाईंचेच आहे. हा संशय मनात धरून पुढील हकीकत वाचावी.

हेलनने निश्चय केला होता की, डोळस मुलींबरोबरच उच्च विद्यालयात शिकावयाचे. रॅडक्लिफ हे त्या काळी मुलींचे नामांकित विद्यालय असून तेथे हार्वर्डचे अध्यापक शिकवीत, आणि प्रवेशपरीक्षा फार कठीण असे. तिच्या तयारीकरिता ती १८९६ साली केंब्रिज येथील मुलींच्या शाळेत गेली. १८९७ च्या जूनअखेर पहिली परीक्षा झाली. तीत जर्मन, फ्रेंच, लॅटिन, इंग्रजी व ग्रीस-रोमचा इतिहास हे विषय होते. हेलन टंकयंत्रावर उत्तरे लिही. त्याच्या आवाजाने इतर मुलींचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून तीस वेगळी खोली दिली, व दाराशी एक मनुष्य ठेविला. मुख्याध्यापक गिल्मन प्रश्नपत्रिका तिच्या हातावर वाक्यवाक्याने वाचून दाखवीत. तीच वाक्ये ती मोठ्याने म्हणून आपणास बरोबर समजले की नाही याची खात्री करून घेई. मग तिने लिहिलेले ते तिला वाचून दाखवीत, आणि ती हव्या त्या दुरुस्त्या करी. प्रश्न इतर मुलींचेच होते; सोपा असा एकही केला नव्हता. ती सर्व विषयांत उत्तीर्ण झाली, आणि जर्मन व इंग्रजी यांत विशेष मान मिळविला.

पुढच्या वर्षी ही सोय राहिली नाही. मुलगी फार श्रम करिते, तिचा अभ्यासक्रम लांबवावा, असे गिल्मन यांचे मत पडले. सलिव्हनबाईंस व हेलनला ते मान्य झाले नाही, तेव्हा आईने तीस शाळेतून काढिले. मग कीथ नावाच्या शिक्षकांनी तीस घरी शिकविले.

अखेरची परीक्षा २९ व ३० जून १८९९ रोजी झाली. या वेळी सलिव्हनबाईंनी प्रश्न वाचून दाखविण्यास अधिकाऱ्यांनी परवानगी दिली नाही. पर्किन्स शाळेतील व्हायनिंग नावाचे गृहस्थ प्रश्नपत्रिका ब्रेल लिपीत, म्हणजे बोटांनी वाचावयाच्या उठावाच्या ठिपक्यांत, उतरवून देण्यास नेमिले. ते तिच्या ओळखीचे नव्हते व त्यांस हातावर लिहिता येत नव्हते. भाषांच्या परीक्षेत यामुळे फारसे बिघडले नाही. परंतु बीजगणितात अडचण उभी राहिली. त्या काळी ठिपक्यांच्या निरनिराळ्या पद्धती प्रचारात होत्या, आणि प्रत्येकीत गणिताची चिन्हे वेगळी. हेलन बीजगणित इंग्रजी पद्धतीने शिकली होती, आणि प्रश्न येणार होते अमेरिकन पद्धतीचे. ही गोष्ट परीक्षेपूर्वी दोनच दिवस तिच्या ध्यानात आली. तिने पत्र पाठवून चिन्हांचा तक्ता मागविला. परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत कंस कोणता व मूळचिन्ह कोणते हे तीस धड ओळखता येईना. सकाळी लवकर जाऊन तिने ती चिन्हे पुन्हा समजून घेतली व परीक्षेस बसली. या वेळी तिने लिहिलेले तिला वाचून दाखविण्यासही कोणी नव्हते. तरी ती उत्तीर्ण झाली.

वाचकहो, येथे थोडे थांबून विचार करावा. बीजगणित तीस येत होते. अडविले ते अनोळखी चिन्हांनी. मुलाची विद्या तपासणे ही एक गोष्ट, आणि त्यास प्रश्नच न कळू देणे ही दुसरी. पहिली परीक्षेचे कर्तव्य आहे. दुसरीस अन्याय म्हणावे, मग तो कोणी जाणूनबुजून केलेला नसला तरी. तसेच, ज्यांस वाटते की अशा मुलांस सोय देणे म्हणजे त्यांस फुकट उत्तीर्ण करणे, त्यांनी हेलनच्या दोन्ही परीक्षा डोळ्यांपुढे आणाव्या. सोय मिळाली तेव्हाही तिचा अभ्यास तिनेच केला होता.

परीक्षा उत्तीर्ण होऊनही विद्यालयाने तीस आणखी एक वर्ष थांबण्याचा सल्ला दिला. अखेर १९०० च्या शरदऋतूत तिचा प्रवेश झाला. वर्गात सलिव्हनबाई शेजारी बसून अध्यापकांचे व्याख्यान तिच्या हातावर लिहीत. ऐकण्यातच हात गुंतल्यामुळे तिला टिपणे घेता येत नसत. घरी आल्यावर आठवेल तेवढे ती लिहून काढी. फार थोडी पुस्तके उठावाच्या अक्षरांत मिळत. बाकीची सलिव्हनबाई आपल्या अधू डोळ्यांनी वाचून तिच्या हातावर उतरवीत. १९०४ साली हेलन केलर सन्मानाने पदवीधर झाल्या. ज्यास दिसतही नाही व ऐकूही येत नाही अशा मनुष्याने ही पदवी मिळविल्याचे हे पहिलेच उदाहरण होय.

पुढील आयुष्य त्यांनी अंधांच्या सेवेत वेचिले. सलिव्हनबाई १९३६ साली निवर्तल्या. केलरबाई १९५५ साली हिंदुस्थानातही येऊन गेल्या, आणि १ जून १९६८ रोजी त्यांनी देह ठेविला.

ज्या १९०० साली रॅडक्लिफचे दार उघडले, त्याच साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्डबाईंनी मुंबईत अंध मुलांची शाळा काढिली. म्हणजे मराठी ख्रिस्ती लोकांस हे काम परके नाही. आणि ठिपक्यांच्या निरनिराळ्या पद्धतींचा जो घोटाळा हेलनच्या वाट्यास आला, तसा आपल्या देशातही होता. १९५१ साली भारती ब्रेल ही एक पद्धती ठरली, तीतच आता मराठी लिहितात.

आज सरकारी कायदाही अशा मुलांच्या बाजूस आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ठरविलेल्या प्रमाणात अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलांस विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला आहे, आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत अशांकरिता शेकडा पाच जागा तरी राखून ठेवाव्या लागतात. परीक्षेत लेखनिक व जादा वेळ मागता येतो. नवोदय विद्यालयासारख्या, परीक्षा घेऊन निवड करणाऱ्या सरकारी शाळांतही दिव्यांग मुलांकरिता राखीव जागा असतात. परंतु हे मिळण्यास दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि ते घरी चालत येत नाही. ज्या बापाची मजुरी एका दिवसाने बुडते, ज्या आईस अर्ज वाचता येत नाही, त्यांजबरोबर सरकारी रुग्णालयात कोणी जावे? उपदेशकाने जावे, पाळकाने जावे. शाळेत अर्ज देताना, मुलास कोणती सोय पाहिजे हे आधीच लिहून द्यावे; हेलनप्रमाणे दोन दिवस उरेपर्यंत थांबू नये.

कफर्णहूम येथील त्या पक्षघाती मनुष्याची गोष्ट आपण शाब्बाथ शाळेत शिकवितो. दारात गर्दी होती. आत जाण्यास वाट नव्हती. त्याच्या चौघा सोबत्यांनी त्यास परत घरी नेले नाही. ते धाब्यावर चढले, त्यांनी ते उकलले व त्याची बाज खाली सोडिली. घर उकलल्याबद्दल प्रभूने त्यांस दोष दिल्याचे शास्त्रात कोठे लिहिलेले नाही. त्याने त्यांचा विश्वास पाहिला. आमच्या प्रत्येक मंडळीत असे चौघे निघोत, आणि येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा आपल्या गावचे एकही लेकरू दाराबाहेर राहू नये, अशी आमची प्रार्थना आहे.