संत एकनाथ (भारूडकार)

संत एकनाथ (सुमारे १५३३–१५९९) हे पैठण येथील वारकरी संतकवी, ग्रंथकार आणि भारूडकार होत. ‘एकनाथी भागवत’ व ‘भावार्थ रामायण’ या ग्रंथांमुळे त्यांचे नाव वाङ्मयेतिहासात स्थिर झाले असले, तरी मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत त्यांची ओळख टिकली ती मुख्यतः भारुडांमुळे. एकाच सोंगाड्याने स्त्रीच्या तोंडून सासर आणि नवऱ्याविषयी बोलावे व श्रोत्यांना हसवावे, या प्रकारातील त्यांच्या रचना मराठीतील एकपात्री विनोदाच्या जुन्या नमुन्यांपैकी आहेत.

संत भानुदास हे एकनाथांचे पणजोबा. वडील सूर्यनारायण व आई रुक्मिणी यांचे छत्र लवकर हरपल्याने आजोबा चक्रपाणी यांनी त्यांचा सांभाळ केला. परंपरेनुसार वयाच्या बाराव्या वर्षी ते देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी किल्ल्यावर अधिकारी होते. हिशेबाची शिस्त आणि परमार्थ हे दोन्ही त्यांनी शिष्याला दिले. ‘एका जनार्दनी’ ही नाममुद्रा याच गुरुभक्तीतून आली. तीर्थयात्रेनंतर ते पैठणला परतले व गिरिजाबाईंशी विवाह करून गृहस्थाश्रमात राहिले. संसार न सोडलेल्या या संताला घरातील कुरबुरींची भाषा परकी नव्हती.

भारूड हा प्रकार त्यांच्या आधीही होता. मात्र सुमारे सव्वाशे विषयांवरील तीनशेच्या आसपास भारुडे त्यांच्या नावावर मानली जातात. जोशी, गोंधळी, महार, आंधळा, बहिरा, विंचू चावलेला माणूस अशी नाना सोंगे त्यांत येतात. स्त्रीची सोंगे विशेष रंगतात. ‘दादला’ या भारुडातील बाईला नवरा नको आहे, आणि तिच्या तक्रारी अगदी नेमक्या आहेत : घर मोडके, लुगडे फाटके आणि शिवायला दोरा नाही, ज्वारीच्या भाकरीसोबत अंबाडीची भाजी असली तरी तीवर तेलाची धार नाही. ‘रोडगा’ या भारुडातील सून भवानीला नवस बोलते आणि सासरा, सासू, नणंद असे एकेकाला वाटेतून दूर करण्यास सांगत अखेर नवऱ्यापर्यंत येते. तिला एकटीच राहायचे असते. शेवटच्या चरणात रूपक उलगडते. दूर सारायची नाती म्हणजे जिवाला चिकटलेली बंधने, आणि हवे असलेले एकटेपण म्हणजे मुक्ती.

सोंगी भारुडात बहुधा पुरुषच धोतरावर लुगडे गुंडाळून, पदर सावरत ही बाई उभी करीत आला. त्यामुळे हसू दुहेरी होते : एक बाईच्या फटकळपणाचे, दुसरे मिशीवाल्या बाईचे. अध्यात्माचा अर्थ लावला की तक्रार मिटते, असे टीकाकारांना वाटू शकते. परंतु न मिळालेला दोरा आणि तेल रूपकाने झाकले जात नाहीत, आणि समोर बसलेल्या बायकांना ते आधी कळत असावेत. पुढे विसाव्या शतकात मराठवाड्यातीलच लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगात गावातील बायका-पुरुष एकट्याने उभे केले. ते नाटक धर्मनिरपेक्ष करमणुकीचे असले, तरी सोंगाची युक्ती ओळखीची आहे.

प्राकृतात लिहिल्याबद्दल व अस्पृश्यांना जवळ केल्याबद्दल एकनाथांना पैठणच्या कर्मठांचा विरोध सहन करावा लागला. गोदावरीच्या तापलेल्या वाळूत रडणारे अस्पृश्याचे मूल त्यांनी कडेवर घेतल्याची कथा प्रसिद्ध आहे. विरोध घरातही होता. पुत्र हरिपंडित हे संस्कृताभिमानी. वडिलांचे आचरण न पटून ते काशीला गेले. प्राकृतात प्रवचन करायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही, या दोन अटींवर ते परतले, असे चरित्रकार सांगतात. अटी पाळल्या गेल्या; हरिपंडितांची प्रवचने सुरू झाली आणि श्रोते ओसरले. पुढे सहस्रभोजनाचा संकल्प केलेल्या एका गरीब विधवेच्या घरी जेवणाचा प्रसंग घडला आणि मुलाचे मन पालटले, अशी आख्यायिका आहे.

‘रुक्मिणीस्वयंवर’ १५७१ मध्ये आणि भागवताची टीका १५७३ मध्ये पूर्ण झाली. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ‘भावार्थ रामायण’ अपुरे राहिले व ते गावबा या शिष्याने पुरे केले. कन्या गोदावरीचे पुत्र मुक्तेश्वर हे पुढे नामवंत कवी झाले.

फाल्गुन वद्य षष्ठीस पैठण येथे एकनाथांनी देह ठेवला. नाथषष्ठीची यात्रा आजही तेथे भरते. लातूर-नांदेडकडील हरिनाम सप्ताहांत कीर्तनानंतरच्या रात्री अजूनही कुणीतरी लुगडे नेसून उभा राहतो आणि नवऱ्याचे गाऱ्हाणे सुरू करतो.