स्वीडनच्या नाताळाला चेहरा देणारी चित्रकर्ती

डिसेंबरात स्टॉकहोममध्ये दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. दुपारी तीनच्या सुमारास सूर्य मावळतो, खिडक्याखिडक्यांत दिवे लागतात आणि घरोघरी पांढऱ्या दाढीचा, लाल टोपीचा एक बुटका म्हातारा दिसू लागतो. हा ‘टोम्टे’. त्याचे हे रूप अनादी काळापासून चालत आले असावे, असा पाहणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहे आणि ते घडविण्यात सर्वांत मोठा वाटा जेनी निस्ट्रॉम या चित्रकर्तीचा आहे.

जेनीचा जन्म १३ जून १८५४ रोजी काल्मार येथे झाला. वडील शिक्षक होते. ती आठ वर्षांची असताना कुटुंब गोथेनबर्गला गेले. १८७३ मध्ये तिला स्टॉकहोमच्या राजेशाही कला अकादमीत प्रवेश मिळाला. स्त्रियांना तेथे रीतसर प्रवेश मिळू लागून तेव्हा दहाच वर्षे होत होती. ऐतिहासिक विषयांवरील भव्य तैलचित्रे काढावीत, हीच तिची आकांक्षा होती. गुस्ताव्ह वासा या राजाच्या बालपणावरील चित्रासाठी अकादमीने तिला पदकही दिले. पुढे १८८२ ते १८८६ अशी चार वर्षे तिने पॅरिसमध्ये शिक्षण घेतले.

पण तिचे नाव झाले ते वेगळ्याच कामाने. व्हिक्टर रिडबर्ग या ख्यातनाम लेखकाच्या, नाताळच्या रात्री घडणाऱ्या बालकथेला तिने विशीतच चित्रे काढली. ते पुस्तक १८७५ मध्ये निघाले. १८८१ मध्ये रिडबर्गची टोम्टेवरील कविता एका सचित्र नियतकालिकात आली, तीही जेनीच्याच चित्रांसह.

मूळचा टोम्टे मुळीच गोंडस नव्हता. करड्या कपड्यांतला हा अदृश्य म्हातारा शेतघराचा आणि गोठ्याचा राखणदार. नाताळच्या आदल्या रात्री त्याच्यासाठी लापशीचा वाडगा ठेवायचा, वर लोणी घालायचे. मान राखला नाही तर गुराढोरांवर संकट. लापशीवर लोणी दिसले नाही म्हणून संतापलेल्या टोम्टेने गाय मारून टाकली आणि मग वाडग्याच्या तळाशी लोणी सापडताच तो ओशाळला, अशी कथा सांगतात. भेटवस्तू आणणे हे काही त्याचे काम नव्हते; ते नाताळच्या बोकडाकडे असे. जेनीने वडिलांचा चेहरा समोर ठेवून टोम्टे रंगविला आणि तो प्रेमळ झाला. शतक संपेपर्यंत भेटवस्तूंची पोतडी बोकडाकडून त्याच्या खांद्यावर आली. बोकड गवताचा होऊन झाडाखाली उभा राहिला.

१८८७ मध्ये जेनीने डॅनिएल स्टुपेंदाल या वैद्यकीय विद्यार्थ्याशी विवाह केला. क्षयामुळे त्याचे शिक्षण अपुरे राहिले आणि घर चालविण्याचा भार तिच्यावर पडला. तैलचित्रांवर घर चालणार नव्हते. शुभेच्छापत्रांवर चालत होते. पॅरिसमध्ये असतानाच तिने या पत्रांचे वाढते वेड पाहिले होते आणि बोनिएर या प्रकाशनसंस्थेला हा व्यवसाय सुचविलाही होता. संस्थेने तो नाकारला. यथावकाश हीच पत्रे देशभर गेली. पाखरांसाठी खांबावर बांधलेली ओटची पेंढी, तिच्यावर बसलेले लाल छातीचे बुलफिंच पक्षी, बर्फात रुतलेली लाल लाकडी घरे, वाफाळती लापशी, असा सारा ऋतू तिने हातभर कागदही न वापरता मांडला. समीक्षकांनी या कामाला कलेचा मान दिला नाही. पदक मिळविलेल्या चित्रकर्तीला हे लागले नसेल, असे म्हणवत नाही. तरीही हजारो चित्रांत तिने हात आखडता घेतलेला दिसत नाही.

रूढी वाटतात तितक्या जुन्या नसतात. मेणबत्त्यांचा मुकुट घातलेल्या लुसियाची १३ डिसेंबरची मिरवणूकही देशभर रुजली ती १९२७ मध्ये स्टॉकहोमच्या एका दैनिकाने लुसिया निवडण्याची स्पर्धा घेतल्यानंतर. त्याच वर्षी जेनीच्या पतीचे निधन झाले. ती मात्र उतारवयातही चित्रे काढीत राहिली. १७ जानेवारी १९४६ रोजी स्टॉकहोममध्ये तिचे निधन झाले. मुलगा कुर्ट याने आईचाच व्यवसाय पत्करला आणि तोही आयुष्यभर टोम्टे रंगवीत राहिला. जेनीच्या चित्रांचा मोठा संग्रह तिच्या जन्मगावी, काल्मारच्या संग्रहालयात जतन केलेला आहे.