दागिने मोडून घेतलेला समुद्र

शाळेच्या सहलीला परदेशी गेलेली मुलं हल्ली पाठीवर हवेची टाकी बांधून स्कूबा डायव्हिंग शिकून येतात. या विद्येबरोबर जाक कुस्तो या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याचं नाव घेतलं जातं. त्याच्या बायकोचं, सिमोनचं नाव मात्र किती जणींनी ऐकलंय?

सिमोन जन्मली १९१९ मध्ये, फ्रान्समधल्या तूलाँ बंदरात. घराणं नौदलातलं. १८ व्या वर्षी जाकशी लग्न झालं. १९४३ मध्ये जाक आणि इंजिनिअर एमिल गान्यां यांनी, श्वास ओढला की लागेल तेवढीच हवा सोडणारं यंत्र तयार केलं. या दोघांची गाठ पडली ती सिमोनच्या वडिलांमुळे! समुद्रात चाचणी झाली तेव्हा जाक खाली आणि ही मास्क लावून वर पोहत, त्याच्यावर नजर ठेवून. पुढे तीही उतरली. स्कूबा करणारी पहिली स्त्री तिलाच मानतात.

मग 'कॅलिप्सो' जहाज आलं. पैसा कुठला? सिमोनने दागिने मोडले, फरचे कोटसुद्धा विकले. त्यातून इंधन आलं, होकायंत्र आलं. जवळजवळ चाळीस वर्षं ती त्या जहाजावर राहिली. खलाशांचं खाणंपिणं, दुखणीखुपणी सगळं तिच्याकडे. ते तिला मेंढपाळीण म्हणत. कॅमेऱ्यासमोर यायला मात्र ती नाखूश असे.

१९७९ मध्ये धाकटा मुलगा फिलिप विमान अपघातात गेला. १९९० मध्ये कॅन्सरने तीही गेली. तिची रक्षा समुद्रातच सोडली. पुढच्याच वर्षी जाकने दुसरं लग्न केलं. त्या बाईपासून त्याला आधीच दोन मुलं होती.