विश्लेषण : सिगार, कर्करोग आणि सिग्मंड फ्रॉइड यांची शेवटची १६ वर्षे

माणूस स्वतःला कसा फसवतो, हे मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी जगाला समजावून सांगितले. सिगारच्या बाबतीत मात्र त्यांनाही ते टाळता आले नाही. वयाच्या ६६व्या वर्षी त्यांच्या तोंडात कर्करोगाची गाठ दिसली आणि पुढची १६ वर्षे त्यांनी या आजारासोबत काढली. कर्करोगाचा धोका कमी करणे आणि मृत्यूचा स्वीकार करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रॉइड यांना त्यातली एक साधली, दुसरी नाही.

सवय लागली कशी?

फ्रॉइड यांचा जन्म ६ मे १८५६ रोजी मोराव्हियातील फ्रायबर्ग येथे झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. बालपणीच ते व्हिएन्नाला आले, तिथेच डॉक्टर झाले. विशीच्या मध्यावर सुरू झालेले धूम्रपान पुढे दिवसाला सुमारे २० सिगारपर्यंत गेले. सिगारशिवाय लिखाण होत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांचे वडील याकोबही धूम्रपान करीत आणि त्यांना ८० वर्षांचे आयुष्य लाभले होते. ‘आमचे आजोबा आयुष्यभर विडी ओढायचे, त्यांना काही झाले नाही,’ हा युक्तिवाद आपल्याकडेही घरोघरी ऐकू येतो. पण एखाद्याला आजार झाला नाही म्हणून धोका नव्हता, असे होत नाही.

१८९४ मध्ये हृदयाचे ठोके अनियमित होऊ लागले, तेव्हा त्यांचे मित्र डॉ. विल्हेल्म फ्लीस यांनी सिगार बंद करायला सांगितले. फ्रॉइड यांनी ती सोडली आणि पुन्हा धरली. हेच पुढे अनेकदा घडले.

१९२३ मध्ये काय झाले?

त्या वर्षी फेब्रुवारीत उजव्या बाजूला जबडा आणि टाळूवर त्यांना गाठ जाणवली. स्वतः डॉक्टर असूनही सुमारे दोन महिने त्यांनी ती लपवली. डॉक्टर सिगार बंद करायला लावतील, हे त्यांना ठाऊक होते. एप्रिलमध्ये एका दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात शस्त्रक्रिया झाली. नंतर अचानक मोठा रक्तस्राव सुरू झाला. घंटी बिघडलेली होती. त्याच खोलीतील दुसऱ्या रुग्णाने धावत जाऊन मदत आणली, म्हणून ते वाचले.

डॉक्टरांनी हा कर्करोग असल्याचे त्यांना सांगितलेच नाही. त्याच जूनमध्ये त्यांचा चार वर्षांचा लाडका नातू हाइनेले क्षयाने गेला. हा घाव त्यांना स्वतःच्या आजारापेक्षा खोल लागला. ऑक्टोबरमध्ये शल्यचिकित्सक हान्स पिख्लर यांनी वरच्या जबड्याचा आणि टाळूचा मोठा भाग काढला. तोंड आणि नाक यांच्यामधली भिंतच गेली. तिथे कृत्रिम साचा बसवावा लागला. तो टोचायचा, काढता-घालताना हाल व्हायचे. बोलणे अस्पष्ट झाले, उजव्या कानाने ऐकू येईनासे झाले, चारचौघांत जेवणे थांबले. पुढे ३० हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. सिगार मात्र कायमची सुटली नाही.

तारुण्य परत आणणारा उपाय?

त्याच नोव्हेंबरमध्ये फ्रॉइड यांनी आणखी एक शस्त्रक्रिया करून घेतली. शुक्रवाहिनी बांधली की तारुण्य परत येते, असा व्हिएन्नातील शास्त्रज्ञ ऑयगेन श्टाइनाख यांचा दावा तेव्हा गाजत होता. त्यामुळे कर्करोगही परतणार नाही, अशी आशा होती. उपयोग झाला नाही. हा सिद्धांत पुढे मोडीत निघाला.

वय वाढते तशा पेशींमधील जनुकीय चुका साचत जातात, म्हणून वाढते वय हाच कर्करोगाचा एक मोठा धोका आहे. वय थांबवता येत नाही. तंबाखू थांबवता येते. फ्रॉइड यांनी वय मागे नेण्याचा प्रयत्न केला आणि हातातली सिगार तशीच ठेवली.

मृत्यूकडे ते कसे पाहत?

१९२९ मध्ये तरुण डॉक्टर माक्स शुर त्यांचे वैद्य झाले. फ्रॉइड यांनी दोन अटी घातल्या. आपल्यापासून काहीही लपवायचे नाही आणि वेळ आली की विनाकारण हाल होऊ द्यायचे नाहीत. १९३० मध्ये त्यांची आई ९५व्या वर्षी वारली. आईच्या आधी आपण गेलो तर तिला ते कळवावे लागेल, ही त्यांची भीती संपली. मुलगी अॅना त्यांची शुश्रूषा करीत राहिली. गुंगी येऊ नये, विचार स्पष्ट राहावा, म्हणून तीव्र वेदनाशामके ते टाळत.

मार्च १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केला. जूनमध्ये ८२ वर्षांचे फ्रॉइड लंडनला पोहोचले. पुढच्या वर्षी आजार उलटला, तो शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला होता. तरी जुलै अखेरपर्यंत ते रुग्ण पाहत होते. जखमेच्या दुर्गंधीमुळे लाडका कुत्राही जवळ येईना. सप्टेंबरमध्ये त्यांनी शुर यांना जुन्या वचनाची आठवण दिली. अॅनाशी बोलून मॉर्फिन देण्यात आले. २३ सप्टेंबर १९३९ रोजी, ८३व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज यातून काय घ्यायचे?

भारतीय पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. विडी-सिगारेट, तंबाखू, गुटखा, मिश्री आणि सुपारी यांमुळे धोका वाढतो. सोबत दारू असेल तर तो आणखी वाढतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारे व्रण, तोंड कमी उघडणे, ही लक्षणे दिसली तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. प्रत्येक चट्टा कर्करोग नसतो, पण तपासल्याशिवाय ते कळत नाही. तंबाखू कोणत्याही वयात सोडली तरी फायदा होतो, आजार झाल्यानंतरही.

मरण सर्वांनाच आहे, मग सोडून काय उपयोग, असे म्हणणे म्हणजे मृत्यूचा स्वीकार नव्हे. फ्रॉइड यांनी मृत्यूकडे सरळ पाहिले. सिगारकडे तसे पाहिले असते तर ही १६ वर्षे कदाचित इतकी वेदनेची नसती.