तापमान आणि वेगाचे गणित मांडणारा अऱ्हेनियस

साखरेचा पाक साखरू नये म्हणून त्यात लिंबाचे चार थेंब पिळण्याची युक्ती घरोघरी माहीत असते. आम्लामुळे साखरेच्या रेणूचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग होतात आणि पाकात खडे धरत नाहीत. उकळत्या पाकात ही क्रिया झटपट होते, गार पाण्यात अगदी सावकाश. असे का, याचे पटणारे उत्तर १८८९ मध्ये स्वांते अऱ्हेनियस या तीस वर्षांच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने दिले.

अऱ्हेनियस यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी उप्सालाजवळच्या विक या गावी झाला. वडील जमीन मोजणीचे काम करत. मुलगा तिसऱ्या वर्षीच वाचायला शिकला आणि गणितात रमला. विद्यापीठात मात्र त्याचे जमले नाही. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात, या विचाराकडे नेणारा प्रबंध त्याने १८८४ मध्ये सादर केला. उप्सालातील प्राध्यापकांना तो पटला नाही. पदवी मिळाली, पण श्रेणी इतकी खालची की अध्यापनाची वाट बंद झाल्यासारखीच होती.

अऱ्हेनियस यांनी प्रबंधाच्या प्रती परदेशातील शास्त्रज्ञांना पाठवल्या. रीगाचे विल्हेल्म ओस्टवाल्ड तो वाचून थेट उप्सालाला आले आणि त्यांनी नोकरी देऊ केली. मग कुठे उप्सालानेही त्यांना जागा दिली. पुढे शिष्यवृत्तीवर त्यांनी रीगा, ग्राझ, लाइपझिग, ॲमस्टरडॅम अशी भ्रमंती केली. त्याच काळात साखरेचा प्रश्न त्यांच्या हाती आला.

कोडे असे होते. तापमान दहा अंशांनी वाढले तर रेणूंचा सरासरी वेग दोन टक्केही वाढत नाही. साखर तुटण्याचा वेग मात्र तिप्पट-चौपट होतो. डच शास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांनी या संबंधाचे सूत्र आधी सुचवले होते. त्याचा अर्थ अऱ्हेनियस यांनी लावला. सगळे रेणू क्रियेत भाग घेत नाहीत, पुरेशी ऊर्जा असलेले मोजकेच घेतात. वाटेत एक उंबरठा आहे आणि तो ओलांडण्याइतकी ताकद फार थोड्यांत असते. तापमान थोडे वाढले तरी अशा ताकदवान रेणूंची संख्या भराभर वाढते. लिंबाचे आम्ल, किंवा आपल्या शरीरातील एन्झाइम, क्रियेसाठी कमी उंबरठ्याची वेगळी वाट उघडून देतात.

ज्या सिद्धान्तासाठी खालची श्रेणी मिळाली, त्याच आयनांच्या सिद्धान्तासाठी १९०३ मध्ये अऱ्हेनियस यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले स्वीडिश. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी किती तापेल, याचे गणितही त्यांनी १८९६ मध्ये मांडले होते. नंतर ते वैद्यकाकडे वळले. विष आणि प्रतिविष यांच्यातील क्रियेला रसायनशास्त्राचे नियम लावून त्यांनी १९०७ मध्ये 'इम्युनोकेमिस्ट्री' या नावाचे पुस्तक लिहिले. २ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोममध्ये त्यांचे निधन झाले.

आम्हा डॉक्टरांना त्यांचे सूत्र रोज भेटते. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की शरीरातील चयापचय साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. म्हणून तापात नाडी जलद चालते, पाणी आणि शक्ती लवकर खर्च होते. लहान मुलांना आणि वृद्धांना तापात पाणी वारंवार पाजायला सांगतो, ते यासाठीच. औषधाची मुदत ठरवतानाही कंपन्या ते जास्त तापमानात ठेवून किती वेगाने बिघडते हे तपासतात आणि याच सूत्राने पुढचा अंदाज बांधतात.

पाकिटावरची मुदत खरी धरायची तर त्यावर छापलेले तापमानही पाळावे लागते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवलेले इन्सुलिन तारखेच्या कितीतरी आधी निकामी होऊ शकते. रंग बदलत नाही, वास येत नाही. रुग्ण नेमाने टोचत राहतो आणि साखर चढतच जाते.

न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा. फ्रीझरमध्ये मात्र नको. गोठल्यावर त्याची रचनाच बिघडते आणि ते टाकूनच द्यावे लागते. घरी फ्रिज नसेल तर कुपी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ओल्या मातीच्या भांड्यात, सावलीत ठेवा. आणि उन्हाळ्यात साखर अचानक वाढू लागली, तर डोस वाढवण्याआधी औषध कुठे ठेवले होते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.