चार्ल्स स्टाइनमेट्झ: तीन फेज आणि वेल्डिंग मशीनचं कोडं सोपं करणारा इंजिनिअर

पुण्यात धायरी, नऱ्हे किंवा शिवण्याच्या बाजूला गेलात तर गल्लोगल्ली फॅब्रिकेशनची शेड दिसतात. गेट, ग्रिल, पत्र्याचे शेड, जिने. अशा एका शेडमध्ये तीन सारख्या वेल्डिंग मशीन आहेत असं धरा. मशीन चालू असताना प्रत्येक मशीन ४० अँपिअर घेते. आता सोपा प्रश्न: मेन वायरमधून किती अँपिअर जातील?

४० गुणिले ३, म्हणजे १२०? तसंही होऊ शकतं. पण त्याच तीन मशीन, तेवढंच काम, फक्त वायर वेगळ्या जोडल्या तर मेनमध्ये ६९ अँपिअरच दिसतात. मेनला १०० अँपिअरचा ब्रेकर असेल, तर एका जोडणीत तो ट्रिप होत राहील आणि दुसरीत शांत बसेल. हे गणित पाच मिनिटांत कागदावर मांडता येतं, याचं मोठं श्रेय चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ यांना जातं. एडिसन आणि टेस्ला सगळ्यांना माहीत असतात, यांचं नाव मात्र इंजिनिअरिंगच्या पुस्तकाबाहेर फारसं ऐकू येत नाही.

ब्रेस्लाऊ ते न्यूयॉर्क

स्टाइनमेट्झ यांचा जन्म ९ एप्रिल १८६५ रोजी ब्रेस्लाऊ इथे झाला. तेव्हा ते शहर प्रशियात होतं, आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव व्रोत्स्वाफ. वडील रेल्वेत नोकरीला. आई ते वर्षभराचे असताना गेली. पाठीला जन्मापासून कुबड, नितंबाच्या हाडात दोष, आणि मोठेपणी उंची जेमतेम चार फूट. वडिलांना आणि आजोबांनाही हाच त्रास होता.

गणितात मात्र पोरगा वाघ होता. ब्रेस्लाऊ विद्यापीठात डॉक्टरेट हातातोंडाशी आली होती. पण ते समाजवादी विद्यार्थ्यांच्या गटात होते, त्यांच्या वर्तमानपत्राचं कामही बघायचे. बिस्मार्कच्या काळात हे महागात पडणारं होतं. १८८८ मध्ये पोलीस मागे लागल्यावर डिग्री न घेताच ते झ्युरिकला निसटले आणि पुढच्याच वर्षी जहाजाच्या सगळ्यात स्वस्त वर्गातून न्यूयॉर्कला पोचले. खिशात पैसे नाहीत, इंग्रजी जेमतेम, त्यात असं शरीर. बंदरावरचे अधिकारी त्यांना परत पाठवायच्या बेतात होते. सोबतचा मित्र ऑस्कर अस्मुसेन याने त्यांची हमी घेतली, म्हणून आत जाता आलं. त्या दिवशी तो मित्र सोबत नसता तर?

नोकरी लागली ती न्यूयॉर्कजवळच्या यॉंकर्समध्ये, रुडॉल्फ आइकमायर यांच्या कारखान्यात. तिथे त्यांनी लोखंडाच्या कोअरमध्ये वीज वाया का जाते याचा पिच्छा पुरवला. एसी वीज कोअरमधलं चुंबकत्व सेकंदाला कित्येक वेळा उलटसुलट करते आणि प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा उष्णता बनून जाते. याला हिस्टेरिसिस म्हणतात. वेल्डिंगचा जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मर नुसता चालू ठेवला तरी तापतो, त्यात याचा वाटा असतो. १८९२ मध्ये त्यांनी या नुकसानाचं सूत्र मांडलं, आणि मोटर किंवा ट्रान्सफॉर्मर बनवण्याआधीच तो किती तापेल याचा अंदाज कागदावर काढता येऊ लागला. १८९३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने आइकमायर यांचा धंदा विकत घेतला आणि स्टाइनमेट्झही त्या कंपनीत आले. १८९४ पासून शेवटपर्यंत त्यांचा मुक्काम स्केनेक्टडी या गावी.

एका अक्षराची जादू

१८९३ च्या ऑगस्टमध्ये शिकागोच्या विद्युत परिषदेत त्यांनी जे मांडलं, ते आजही पुण्यातल्या प्रत्येक पॉलिटेक्निकमध्ये शिकवतात. एसी करंट सतत वरखाली होतो. दोन करंट एकत्र आले की त्यांची बेरीज कधी पूर्ण होते, कधी अर्धी, कधी शून्य. ते एकाच वेळी वर जातात की मागेपुढे, यावर सगळं अवलंबून. आधी यासाठी कॅल्क्युलसची लांबलचक समीकरणं सोडवावी लागायची. स्टाइनमेट्झ यांनी प्रत्येक करंटला आकार आणि कोन असलेला एक बाण मानलं आणि तो बाण लिहायला काल्पनिक संख्या वापरल्या, तेच ते जे अक्षर. झालं! कॅल्क्युलसचं काम शाळेतल्या बीजगणितावर आलं.

आता आपल्या शेडमध्ये परत येऊ. लाल, पिवळी, निळी, म्हणजे आर, वाय, बी अशा तीन फेज. ४१५ व्होल्टची साधी वेल्डिंग मशीन यातल्या दोन फेजवर जोडतात. बाजारात तिला टू-फेज मशीन म्हणतात, पण खरं तर ती सिंगल-फेज लोडच आहे, कारण दोन वायरमधून एकच करंट जातो आणि येतो.

तिन्ही मशीन आर-वायवर टाकल्या, तर सगळे बाण एकाच दिशेला. आरमध्ये १२०, वायमध्ये १२०, बीमध्ये शून्य. आता एक आर-वायवर, दुसरी वाय-बीवर, तिसरी बी-आरवर लावा. प्रत्येक वायरमध्ये दोन मशीनचे करंट येतात, पण त्यांच्या कोनात फरक असल्यामुळे ४० आणि ४० मिळून ८० न होता ६९ होतात. तिन्ही वायरमध्ये सारखेच. दोनच मशीन असतील आणि त्या आर-वाय व वाय-बीवर लावल्या, तर आर आणि बीमध्ये ४०, मधल्या वायमध्ये ६९. टाँग टेस्टर लावून बघणाऱ्या वायरमनला हे आकडे रोज दिसतात. त्याने जे अक्षराचं नाव ऐकलेलं नसतं, आणि त्यावाचून त्याचं अडतही नाही.

लोड एकाच बाजूला झुकला तर नुसता ब्रेकर पडून भागत नाही. जास्त ओढलेल्या फेजचा व्होल्टेज खाली येतो आणि त्याच लाइनवरची कॉम्प्रेसरची थ्री-फेज मोटर विनाकारण तापते. व्होल्टेजमध्ये ३.५ टक्के असमतोल आला तर मोटरची तापमानवाढ सुमारे २५ टक्क्यांनी वाढते. रिवाइंडिंगचा खर्च विचारा एखाद्याला! छोट्या २३० व्होल्टच्या मशीन फेज आणि न्यूट्रलवर चालतात, तिथे असमतोलाचा करंट न्यूट्रलमधून परततो. असा न्यूट्रल कुठे तुटला की हलक्या लोडच्या फेजवर व्होल्टेज चढतो आणि तिथे लावलेले मोबाइल चार्जर, बल्ब, टीव्ही उडतात. म्हणूनच हे काम स्वतः पान्हा घेऊन करायचं नाही, लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्यायचं.

एकच मशीन असेल तर?

एकट्या मशीनचा लोड तीन फेजवर वाटणार कसा? इथे स्टाइनमेट्झ यांच्याच नावाने ओळखलं जाणारं एक सर्किट आहे. सिंगल-फेज लोडची पॉवर सेकंदाला १०० वेळा वरखाली होते, तर तीन फेजचा समतोल लोड एकसारखी पॉवर घेतो. मधल्या चढउतारासाठी ऊर्जा क्षणभर साठवणारं काहीतरी हवं. मग आर-वायवर लोड, वाय-बीवर कपॅसिटर आणि बी-आरवर कॉइल. दोघांचा रिअ‍ॅक्टन्स लोडच्या रेझिस्टन्सच्या १.७३ पट. हीटरसारखा शुद्ध ४० अँपिअरचा लोड असेल तर आधी ४०, ४०, शून्य असलेल्या वायरमध्ये आता २३, २३, २३ अँपिअर. मला विचाराल तर सगळ्या इलेक्ट्रिकलमधली ही सगळ्यात देखणी युक्ती आहे. फक्त फेजचा क्रम उलटा झाला तर असमतोल कमी व्हायच्या ऐवजी वाढतो.

एकसारखा लोड घेणाऱ्या मोठ्या इंडक्शन भट्टीला ही युक्ती चालते. वेल्डिंगला नाही. वेल्डर रॉड बदलतो, स्लॅग झाडतो, चहा पितो. आर्क चालू-बंद होत राहतो आणि ठरावीक मापाचा कपॅसिटर प्रत्येक क्षणी जुळत नाही. त्याच कारणाने तीन मशीन तीन जोड्यांवर लावल्या तरी समतोल सरासरीनेच मिळतो. मशीन वाटताना नुसती प्लेटवरची अँपिअर बघू नका, दिवसभर कोणती जास्त चालते ते बघा. सगळ्यात राबणाऱ्या दोन मशीन एकाच जोडीवर नकोत. थ्री-फेज इनपुटची इन्व्हर्टर मशीन घेतली तर हा प्रश्न बराचसा मिटतो, कारण ती तिन्ही फेजची वीज आधी डीसी करून घेते.

वीज पाडणारा माणूस

१९०२ मध्ये कर्नाटकातल्या शिवनसमुद्रमहून कोलारच्या सोन्याच्या खाणींना, हो, केजीएफलाच, सुमारे १४७ किलोमीटर लांब लाइनने वीज पोचली. विजेची यंत्रं जनरल इलेक्ट्रिकची होती. एवढ्या लांब एसी लाइनचा हिशोब मांडायचा तर स्टाइनमेट्झ यांची पद्धतच हाताशी लागते. त्याच सुमारास ते अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्ष होते आणि युनियन कॉलेजमध्ये शिकवूही लागले.

आपलं दुखणं पुढच्या पिढीत जाऊ नये म्हणून त्यांनी लग्न केलं नाही. पण आपला सहायक जोसेफ हेडन याला कायदेशीर मुलगा करून घेतलं आणि त्याचा संसार आपल्याच घरात आणला. घरात नातवंडं, काचघरात निवडुंग, आणि पाळलेल्या मगरी! समाजवाद सुटला नव्हता. स्केनेक्टडीच्या शाळा मंडळाचे आणि नगर परिषदेचे ते अध्यक्ष झाले.

१९२० मध्ये नदीकाठच्या त्यांच्या लाकडी खोपटावर वीज पडली आणि आरसा फुटला. त्यांनी काचेचे तुकडे गोळा करून पुन्हा जुळवले आणि वीज कुठून कशी गेली ते शोधलं. १९२२ मध्ये प्रयोगशाळेत १,२०,००० व्होल्टची कृत्रिम वीज पाडून लाकडाचे ओंडके फोडून दाखवले. लाइनवर वीज पडल्यावर काय होतं, हे त्यांना तपासायचं होतं.

फोर्डच्या कारखान्यात बिघडलेल्या जनरेटरवर खडूची एक रेघ मारून त्यांनी १०,००० डॉलरचं बिल लावल्याची गोष्ट तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर आली असेल. तिचा आधार म्हणजे १९६५ मध्ये लाइफ मासिकात छापलेलं एका वाचकाचं पत्र, ज्याचे वडील फोर्डकडे कामाला होते. गोष्ट झकास आहे, पुरावा तेवढाच.

२६ ऑक्टोबर १९२३ रोजी झोपेतच त्यांचं निधन झालं. वय ५८. दोनशेपेक्षा जास्त पेटंट त्यांच्या नावावर होती. वीज पडलेलं ते खोपट पुढे हेन्री फोर्ड यांनी विकत घेतलं आणि डिअरबॉर्नच्या आपल्या संग्रहालयात नेऊन उभं केलं.