पाण्याने शिकविलेले अर्थशास्त्र

अर्थशास्त्राच्या पदवी परीक्षेस बसणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना फिलिप्स हे नाव एका वक्ररेषेपुरते ठाऊक असते. बेकारी वाढली की वेतनवाढीचा वेग मंदावतो आणि बेकारी घटली की तो चढतो, एवढे दर्शविणारी, डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी ती रेषा उत्तरपत्रिकेत काढली की काम भागते. ज्याचे नाव त्या रेषेला चिकटले तो गृहस्थ कोण होता, आणि ती रेषा काढण्याच्या नऊ वर्षे आधी त्याने वर्गात काय आणून उभे केले होते, हे पाठ्यपुस्तके सहसा सांगत नाहीत. वर्गखोलीत फळ्याच्या जागी पडदा आणि खडूच्या जागी संगणक आणण्याची घाई सर्वत्र चालली असताना त्या गृहस्थाचे चरित्र आठवणे अप्रस्तुत ठरू नये.

आल्बन विल्यम हाउसेगो फिलिप्स यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९१४ रोजी न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील ते रेहुंगा या खेड्यात झाला. घरी दुग्धव्यवसाय होता. वडील मोठे खटपटे. ओढ्यावर पाणचक्की बसवून त्यांनी घरात विजेचे दिवे आणले होते. वाहते पाणी काय काय करू शकते याचा पहिला धडा मुलाला असा अंगणातच मिळाला. जागतिक मंदीच्या त्या वर्षांत उच्च शिक्षणाचा विचारही परवडणारा नव्हता. पंधरा-सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि फिलिप्स एका जलविद्युत केंद्रावर वीजतंत्री म्हणून उमेदवारी करू लागले. पुढे ऑस्ट्रेलियात त्यांनी मिळेल ते काम केले. सोन्याच्या खाणीत राबले, चित्रपटगृह चालविले आणि मगरींची शिकारही केली. १९३७ साली ते चीनकडे निघाले असता जपानने चीनवर आक्रमण केल्याने त्यांचे जहाज जपानला गेले, आणि तेथून सैबेरियातून जाणाऱ्या रेल्वेने रशिया ओलांडून ते इंग्लंडात पोहोचले. लंडनमध्ये त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचा अभ्यास पुरा केला. एखाद्या प्राध्यापकाच्या चरित्रात ही प्रकरणे कादंबरीतून उचलल्यासारखी वाटतात. पण पुढे जे घडले त्याची सामग्री याच भटकंतीत गोळा होत होती.

युद्ध सुरू झाल्यावर ते ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले व सिंगापूरला पाठविले गेले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडण्याच्या बेतात असताना निर्वासितांनी खच्चून भरलेल्या एम्पायर स्टार या जहाजावर जपानी विमानांनी हल्ला चढविला. तेव्हा फिलिप्स यांनी मशीनगन बसविण्यासाठी हाताशी असेल त्या साहित्यातून बैठक तयार केली आणि हल्ला संपेपर्यंत ते तिच्यामागे उभे राहिले. या कामगिरीबद्दल १९४६ साली त्यांना सन्मानचिन्ह मिळाले. जहाज जावापर्यंत पोहोचले, पण तेथे ते जपान्यांच्या हाती सापडले आणि साडेतीन वर्षे युद्धकैदी म्हणून राहिले. त्या छावणीत त्यांनी सहकैद्यांकडून चिनी भाषा शिकून घेतली, लपवून ठेवण्याजोगा लहानसा रेडिओ जमविला आणि रात्री चहाचे पाणी तापविता यावे म्हणून विजेवर चालणारी छोटी साधने बनविली. अनेक कैदी एकाच वेळी पाणी तापवू लागले की छावणीतील दिवे मंद होत, आणि पहारेकऱ्यांना त्याचे कारण कळत नसे, अशी आठवण सांगितली जाते.

सुटका झाल्यावर बत्तिशीच्या उंबरठ्यावरील या माणसाने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये समाजशास्त्राच्या पदवीसाठी नाव घातले. माणसे एकत्र कशी जगतात हे कळून घेण्याची ओढ छावणीने लावली होती. अभ्यासक्रमात अर्थशास्त्र सक्तीचे होते आणि त्या काळी अर्थशास्त्र म्हणजे प्रामुख्याने केन्स. वर्गात चाललेले उत्पन्न, बचत, गुंतवणूक यांचे विवेचन फिलिप्स यांना काही केल्या उमगेना. परीक्षेत ते जेमतेम उत्तीर्ण झाले. आपल्याकडे असा विद्यार्थी मार्गदर्शिका पाठ करतो. फिलिप्स यांनी दुसरा मार्ग धरला. जे शब्दांतून आणि समीकरणांतून समजत नव्हते ते त्यांनी आपल्या जुन्या व्यवसायाच्या भाषेत मांडून पाहिले. बोल्डिंग यांच्या पाठ्यपुस्तकात साठा व प्रवाह समजावून देणारी एक आकृती होती. वस्तूंचा साठा टाकीतल्या पाण्यासारखा आहे, उत्पादन त्यात येते, उपभोग त्यातून जातो, असा तिचा आशय. लेखकाने हे रूपक म्हणून योजिले होते. जलविद्युत केंद्रावर उमेदवारी केलेल्या वाचकाला मात्र ते यंत्र बांधण्याची सूचना वाटले.

एकेकाळचे सहाध्यायी आणि तेव्हा लीड्स विद्यापीठात अध्यापक असलेले वॉल्टर न्यूलिन यांच्या मदतीने १९४९ च्या उन्हाळ्यात लंडनजवळच्या क्रॉयडन येथील एका गॅरेजमध्ये हे काम झाले. पारदर्शक प्लॅस्टिकच्या टाक्या, नळ्या, दोऱ्या, कप्प्या, तरंगते गोळे आणि मोडीत निघालेल्या बॉम्बफेकी विमानांचे सुटे भाग एवढे भांडवल. खर्च सुमारे ४०० पौंड आला. यंत्र सुमारे सात फूट उंच होते. पंपाने वर चढविलेले रंगीत पाणी म्हणजे राष्ट्रीय उत्पन्न. ते खाली येताना त्याचा एक फाटा कराच्या रूपाने सरकारकडे वळे, दुसरा बचतीच्या रूपाने बाजूच्या टाकीत जाई आणि उरलेले उपभोगाच्या मुख्य धारेने खाली उतरे. बचतीच्या टाकीतून गुंतवणूक, सरकारच्या बाजूने शासकीय खर्च आणि परदेशांच्या टाकीतून निर्यात या धारा पुन्हा मुख्य प्रवाहास मिळत. आयात मात्र बाहेर पडे. तळाशी जमलेले पाणी पंपाने परत वर जाई. कोणत्या झडपेतून किती पाणी जावे हे टाकीतल्या गोळ्याच्या उंचीवर ठरे आणि लेखण्या उत्पन्नाचा चढउतार कागदावर आपोआप रेखाटीत. पुढे अब्बा लर्नर यांनी या यंत्राला मोनियाक हे नाव दिले. त्या काळी गाजत असलेल्या एनियाक या विद्युत्संगणकाच्या नावाशी त्याचा यमक साधला होता.

२९ नोव्हेंबर १९४९ रोजी लायनेल रॉबिन्स यांच्या चर्चासत्रात यंत्र मांडण्यात आले. जेम्स मीड यांनी या प्रयोगास आधीपासून पाठिंबा दिला होता आणि हा योगही त्यांनीच जुळवून आणला. नामांकित अध्यापकांपैकी कित्येक जण गंमत पाहावयास आले होते. अडाणी पदवीधराचे खेळणे अशीच त्यांची अपेक्षा होती. फिलिप्स सिगारेट ओढीत, येरझारा घालीत बोलू लागले, पंप सुरू झाला, आणि व्याजदरावरून केन्स व डेनिस रॉबर्टसन यांच्या पक्षांत वर्षानुवर्षे चाललेला वाद सर्वांच्या डोळ्यांदेखत सैल पडला. व्याजदर लोकांच्या रोखतेच्या पसंतीवर ठरतो असे एक पक्ष म्हणे, तो बचत व गुंतवणूक यांच्या ओघावर ठरतो असे दुसरा. यंत्रात व्याजदर हा टाकीतील पातळीशी जोडलेला होता. पातळी हा साठा. पण येणाऱ्या-जाणाऱ्या धारांनीच ती वर-खाली होते. एक पक्ष टाकीकडे पाहत होता, दुसरा नळाकडे. पुढल्या वर्षी फिलिप्स तेथेच सहाय्यक अध्यापक झाले. परीक्षेत मागे पडलेल्या माणसाला अशी जागा देण्याचे धैर्य त्या संस्थेने दाखविले, याचीही नोंद घ्यावयास हवी.

या यंत्राचे खरे मोल चर्चासत्राहून अधिक प्रत्ययास आले ते मीड यांच्या वर्गात. मीड एका विद्यार्थ्याला अर्थमंत्री करीत, दुसऱ्याला मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर. पहिल्याच्या हाती कर आणि शासकीय खर्च यांच्या झडपा, दुसऱ्याच्या हाती चलनाची तोटी. राष्ट्रीय उत्पन्न ठरलेल्या पातळीवर आणून तेथे स्थिर ठेवावयाचे एवढेच काम. दोघेही हुशार असत, दोघांनाही सिद्धान्त मुखोद्गत असे. अर्थमंत्र्याला पाणी कमी वाटले की तो खर्चाची झडप उघडी आणि त्याच क्षणी गव्हर्नरही पैसा सैल करी. परिणाम दिसावयास काही अवधी लागे, तोवर दोघेही आणखी थोडे उघडीत. मग दोन्हींचा लोंढा एकदम येई, घाबरून दोघेही झडपा आवळीत, आणि काही मिनिटांत यंत्र तुटवडा व पूर यांच्यात हेलकावे खाऊ लागे. त्यानंतर मीड दुसरे यंत्र जोडीत. ते अमेरिका होई. एका देशाची आयात ती दुसऱ्याची निर्यात बने, आणि तिकडचे सूत्रधारही वेगळेच असत. मग एकाने आपल्या देशातला तुटवडा दूर करावा आणि त्याचा गाळ दुसऱ्याच्या टाकीत जावा, हे ओघानेच आले.

फळ्यावरील आकृतीत हे दाखविता येत नाही. तेथे पहिला समतोलाचा बिंदू असतो, दुसरा असतो, आणि अध्यापक खडूने एकापासून दुसऱ्यापर्यंत बाण काढतो. त्या बाणात किती काळ जातो, वाटेत काय बुडते, मुक्कामाला पोहोचणे होते की नाही, या प्रश्नांना आकृतीजवळ उत्तर नाही. काळ ही गोष्ट यंत्राने वर्गात आणली. आणि ती विद्यार्थ्याचा हात झडपेवर ठेवून आणली, हे त्याहून महत्त्वाचे. स्वतः केलेल्या चुकीचा लोंढा समोर आदळल्यावर धोरणातील विलंब म्हणजे काय, हे त्याला टिपणे उतरवून घेण्याची गरज राहत नाही.

आज वर्गातील तंत्रज्ञान या नावाखाली जे खपते त्यास ही कसोटी लावून पाहावी. पूर्वी अध्यापक वहीतून टिपणे सांगत; आता तीच टिपणे पडद्यावर सरकतात आणि विद्यार्थी त्यांचे छायाचित्र घेतात. साधन बदलले, विद्यार्थी होता तेथेच बसून आहे. किंबहुना वहीत उतरवून घेताना जी थोडीफार आवृत्ती होत असे तीही गेली. फिलिप्स यांच्या यंत्राची किंमत कोणत्याही सुसज्ज वर्गखोलीच्या तुलनेने क्षुल्लक होती. पण ते यंत्र एका विवक्षित अडचणीचे उत्तर म्हणून जन्मास आले होते. अडचण कोणती हे न ठरविता साधने खरेदी करणाऱ्या संस्थांना याचे महत्त्व पटवून देणे कठीण आहे. संगणकावर असे खेळ आज सहज रचता येतात, आणि ते पाण्याच्या यंत्राहून अचूक असतात. मात्र आकडे भरले आणि आकडे बाहेर आले, एवढेच त्यातून घडले तर मधली वाट पुन्हा अदृश्यच राहते. मोनियाकमध्ये लपविलेले असे काही नव्हते. कोणती दोरी कोणती झडप ओढते हे मागच्या बाकावरूनही दिसे.

यंत्राच्या मर्यादाही होत्याच. ते गळे, त्याची निगा राखणे जिकिरीचे असे, आणि माणसांच्या अपेक्षांना पाण्यात जागा नव्हती. उद्या महागाई होईल या भयाने आजच खरेदीस धावणारा ग्राहक प्लॅस्टिकच्या नळीत बसत नाही. चारदोन तोट्या फिरवून देशाचा संसार चालविता येतो, असा केन्सपंथीयांचा भ्रम या यंत्राने बळकट केला, अशीही टीका पुढे झाली. ती फिलिप्स यांच्यावर अन्याय करणारी आहे. १९५४ सालच्या त्यांच्या लेखाचा रोख नेमका उलट होता: सद्हेतूने पण उशिरा केलेला उपाय चढउतार शमविण्याऐवजी वाढवू शकतो. ज्याने पाणी हेलकावताना पाहिले त्याला हा भ्रम होणे कठीण.

दैवगती अशी की कीर्ती मिळाली ती दुसऱ्याच कामाने. १९५८ साली ब्रिटनमधील १८६१ ते १९५७ या काळातील बेकारी व वेतनवाढ यांचा संबंध दाखविणारा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यावर त्यांनी फार वेळ घालविला नव्हता, असे त्यांचे सहकारी सांगत. इतरांनी त्या रेषेची धोरणकर्त्यांसाठी निवडीची यादी केली, आणि १९७० नंतरच्या दशकात बेकारी व महागाई हातात हात घालून वाढू लागल्यावर त्याच रेषेची सर्वत्र निर्भर्त्सना झाली. फिलिप्स तोवर त्या वादापासून दूर गेले होते. १९६७ साली लंडनची प्रतिष्ठेची प्राध्यापकी सोडून ते कॅनबेराला गेले, आणि निम्मा वेळ चीनच्या अभ्यासासाठी मिळावा अशी सोय त्यांनी करून घेतली. कैदेत शिकलेली भाषा अशी वीस-पंचवीस वर्षांनी कामी आली. १९६९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. मायदेशी परतून त्यांनी ऑकलंड विद्यापीठात चीनच्या अर्थव्यवस्थेवर काही काळ अध्यापन केले. ४ मार्च १९७५ रोजी, साठाव्या वर्षी, त्यांचे तेथेच निधन झाले.

त्यांच्या हयातीत बारा-चौदा यंत्रे तयार झाली होती. केंब्रिज, हार्वर्ड, मेलबर्न, इस्तंबूल येथील विद्यापीठांनी ती घेतली; ग्वाटेमालाच्या मध्यवर्ती बँकेनेही एक मागविले. विद्युत्संगणक आले तशी त्यांतील बरीचशी तळघरांत व अडगळीत गेली. एक लंडनच्या विज्ञान संग्रहालयात ठेवलेले आहे, एक न्यूझीलंडला परत गेले. केंब्रिजचे यंत्र मात्र दीर्घ काळ बंद राहिल्यानंतर पुन्हा वाहते झाले आणि विद्यार्थ्यांसमोर चालवून दाखविण्यात आले. ती दुरुस्ती अर्थशास्त्राच्या नव्हे, तर अभियांत्रिकीच्या एका अध्यापकाने, ॲलन मॅकरॉबी यांनी केली.